गोलपोस्टच्या मागे बसून: पुण्यातले चार दिवस

पहिला दिवस, गुरुवार

कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून साडेसातची स्वारगेट गाडी धरली. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, खिडकी घेतली, मांडीवर धपाट्यांचा डबा घेतला आणि तावडे हॉटेल मागं पडेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मग एकदम म्हणाले, "बायकांच्या फुटबॉल मॅचला टाइम किती असतो?"

"नव्वद मिनिटं, अण्णा. पुरुषांच्याएवढाच."

"आणि बॉल? धाकटा असंल."

"पाच नंबरच."

"पोस्ट?"

"तोच. आठ फूट उंच, चोवीस फूट रुंद."

अण्णा पुन्हा गप्प झाले.

अण्णांचं वय आता ७४. आमच्या पेठेतल्या तालमीच्या दुसऱ्या संघाचे ते कीपर होते, तेही हातमोज्यांशिवाय. उजव्या हाताची करंगळी एका फ्री किकनं वाकडी झाली ती पन्नास वर्षं तशीच आहे. चहाचा कप धरला की ती एकटीच बाजूला निघते. राजर्षी शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर त्यांची जागा ठरलेली, गोलपोस्टच्या मागं. कीपरची मॅच मागनंच कळते, असं त्यांचं म्हणणं. मी सहा वर्षांची असल्यापासून त्यांच्या शेजारी बसून मॅच बघत आले. पण बायकांची मॅच त्यांनी आयुष्यात पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत बघितली नव्हती. आता निघालो होतो ते त्यासाठीच. ताईची सानू, वय १९, पुण्यात कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, महिला लीगमध्ये कीपर. शुक्रवारी एक सामना, रविवारी दुसरा. ताई चार महिने बोलावत होती.

कराड आलं तेव्हा अण्णांनी विचारलं, "सानूची उंची किती?"

"पाच फूट तीन."

त्यांनी बसल्या बसल्या हात सरळ वर केला, बोटं ताणली, वरच्या सामानाच्या फळीला लावून बघितली. सानूचा हात उडी मारून कुठं पोचत असेल, याचा हिशेब चालला होता.

हा हिशेब मी कितीतरी जणांना मांडून दाखवलाय. व्हॉलीबॉलमध्ये पुरुषांची जाळी २.४३ मीटरवर असते, बायकांची २.२४ वर. गोळाफेकीत पुरुषांना ७.२६ किलोचा गोळा, बायकांना ४ किलोचा. बास्केटबॉलचा चेंडू बायकांसाठी एक नंबर लहान. क्रिकेटमध्ये चेंडू हलका आणि सीमारेषा जवळ. तिथं कुणाला त्यात वावगं वाटत नाही. फुटबॉलमध्ये मात्र मैदान तेच, बॉल तोच, ७.३२ बाय २.४४ मीटरचा पोस्ट तोच. १९९१ साली चीनमध्ये बायकांचा पहिला वर्ल्ड कप झाला तेव्हा सामने ८० मिनिटांचे ठेवले होते, बायकांना नव्वद झेपणार नाहीत या शंकेनं. ती शंकाही पुढं सोडून द्यावी लागली. सानूला पोस्ट लहान करून नकोय, मलाही नकोय. पण "बायकांचे कीपर कच्चे" असं म्हणणाऱ्यानं आधी अण्णांसारखा एकदा हात वर करून बघावा.

खंबाटकी, कात्रज करत दीडच्या सुमाराला स्वारगेट. तिथून मेट्रो, जिल्हा न्यायालयाला गाडी बदलून नळ स्टॉप, आणि ताईच्या घरी पिठलं-भाकरी. सानू सरावाला गेली होती. ती रात्री आली तेव्हा अण्णांना झोप लागली होती.

दुसरा दिवस, शुक्रवार

सामना सकाळी साडेआठला होता. मैदान कुठलं ते लिहीत नाही, कारण तक्रार त्या एका मैदानापुरती नाहीच. पोरींना कपडे बदलायला खोली नव्हती. एक स्वच्छतागृह होतं, त्याला कुलूप होतं आणि किल्लीवाला अजून यायचा होता. दोन गाड्यांच्या मधे ताईनं आणि आणखी एका आईनं चादर धरली, तिच्या आड एकेक पोरगी जर्सी घालून बाहेर आली. त्यातली कुणी कुरकुर केली नाही. सवय झाली होती, आणि मला तीच सवय लागली जिव्हारी.

डिसेंबरची थंडी, गवतावर दव. प्रेक्षक मोजले: एकतीस. त्यातले निम्मे आई-बाप आणि भावंडं.

अण्णा पोस्टच्या मागं जाऊन उभे राहिले. खुर्ची आणून दिली तरी बसले नाहीत. सानूचा संघ निळ्या जर्सीत, समोरचा लाल. पहिली दहा मिनिटं अण्णांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. मग ते माझ्याकडं न बघताच म्हणाले, "ती सहा नंबर बघ. बॉल यायच्या आधी मागं वळून बघती."

सहा नंबरची मुलगी खरंच तसं करत होती. बॉल तिच्याकडं निघाला की मान एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं, आणि पाय लागायच्या आत पुढचा पास ठरलेला. त्या संघाचा सगळा खेळ तिच्यातून जात होता. हे मी बायकांच्या फुटबॉलमध्ये वरचेवर बघते आणि त्याचं कारण अगदी साधं आहे. सानूची गोल किक मध्यरेषेच्या अलीकडंच पडते. त्यामुळं लांब मारून मोकळं होण्याची सोय नाही. बॉल स्टॉपरकडं, म्हणजे पोस्टसमोरच्या बचावपटूकडं द्यायचा, स्टॉपरनं मधल्या फळीतल्या हाफकडं, हाफनं वळून पुढं. आमच्याकडं पुरुषांच्या सामन्यात कितीदा तरी कीपर मारतो ती थेट समोरच्या डीत, म्हणजे त्यांच्या पोस्टपुढच्या चौकटीत, आणि मधल्या फळीच्या डोक्यावरून मॅच निघून जाते. ताकद कमी आहे म्हणून डोकं जास्त वापरावं लागतं, आणि बघणाऱ्याला ते डोकं दिसतं. वेग मात्र पुरुषांच्यात जास्त, यात वाद नाही. तीस यार्डांवरून बसणारा तडाखा हवा असेल तर तो तिथंच जास्त दिसणार. मला दोन्ही आवडतं. आंबा खाताना फणसाची चव शोधली तर आंबाही हातचा जातो.

विसाव्या मिनिटाला लाल संघाची विंगर निळ्या बॅकनं साफ आडवी केली. मैदान कडक, गवत नावाला, कोपर खरचटलेलं मला इथून दिसत होतं. ती उठली, बॉल जागेवर ठेवला आणि फ्री किक मारून मोकळी झाली. अण्णा हळूच म्हणाले, "लोळली न्हाई." पोरींच्यात नाटक नसतंच असं मी म्हणणार नाही, खेळात पैसा आणि कॅमेरे वाढले की त्यामागून तेही येतं. पण त्या नव्वद मिनिटांत पंचाभोवती एकदाही घोळका झाला नाही, हे डोळ्यांनी बघितलंय.

मध्यंतराच्या जरा आधी लाल संघाच्या मुलीनं लांबून बॉल उचलला. सानू मागं धावली, उडी मारली, बोटांच्या वरून बॉल आत. शेजारचा एक तरुण मोबाईलवर शूटिंग करत होता. म्हणाला, "लेडीज कीपरचा हाच प्रॉब्लेम. हाइट."

अण्णा वळले. "हाइट न्हाई ओ साहेब. दोन पावलं पुढं हुती ती. तिथनं सहा फुटी कीपरला बी गावला नसता."

तरुणानं मोबाईल खाली घेतला. मला बरं वाटलं.

सामना २-१ नं हरलो. शेवटची शिट्टी वाजल्यावर एकतीस जणांनी टाळ्या वाजवल्या. एक नीटनेटके गृहस्थ, पांढरे बूट, बहुतेक फिरायला आलेले, कौतुकानं म्हणाले, "मुली असून काय सुंदर खेळतात!"

हे "मुली असून" मी वीस वर्षं ऐकतेय. बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं हे मला समजतं, आणि म्हणूनच त्यावर भांडताही येत नाही. शाहू स्टेडियमवर २-१ नं हरलेल्या संघाला कुणी "मुलं असून सुंदर खेळतात" म्हणत नाही. तिथं पायऱ्यांवरून त्या कीपरच्या खानदानाची चौकशी होते. चुकलेल्या पासवर रात्री कट्ट्यावर बाराला भांडण लागतं, घरी येऊन माणूस जेवत नाही. लोक इतके चिडतात कारण त्यांनी त्या खेळाडूकडून काहीतरी धरलेलं असतं. पोरींकडून कुणी काही धरलेलंच नाही, म्हणून टाळ्या.

आणि त्या संध्याकाळी अण्णांनीही तेच केलं. सानूनं पाय कोमट पाण्यात सोडून बसल्या बसल्या विचारलं, "आजोबा, कशी खेळले?"

"छान खेळलीस, बाळ."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. दोन गोल खाल्लेल्या कीपरला "छान" म्हणताना अण्णांना मी जन्मात ऐकलं नव्हतं. रात्री सानू माझ्या अंथरुणावर येऊन पडली आणि कुजबुजली, "मावशी, आजोबा खोटं बोलले ना?"

"हो."

"पहिल्या गोलला मी पुढं होते का गं?"

"दोन पावलं."

ती बराच वेळ छताकडं बघत राहिली.

तिसरा दिवस, शनिवार

सकाळी सानूचे हातमोजे घ्यायला गेलो. जुन्यांच्या तळव्यावरचा फोम खरवडून निघाला होता, उजव्या अंगठ्याशी शिवण उसवलेली, ती तिनं ताईच्या सुई-दोऱ्यानं शिवलेली. दुकानदारानं आधी पुरुषांचे काढले, सानूच्या हातात ते बोटाबोटाला पेरभर लांब. "लेडीज नाहीत, लहान मुलांचे दाखवतो," म्हणाला आणि चित्रं छापलेली जोडी पुढं ठेवली. शेवटी अण्णांनी त्याला सगळी खोकी खाली काढायला लावली. सात नंबरची एकच जोडी निघाली. अण्णांनी ती सानूच्या हातात चढवली, मनगटाचा पट्टा ओढला आणि तिच्या प्रत्येक बोटाचं टोक आपल्या चिमटीत धरून बघितलं, मोज्यात किती जागा रिकामी राहते ते. करंगळीशी येऊन थांबले. तिथं त्यांची स्वतःची वाकडी करंगळी आणि तिची मोज्यातली सरळ, शेजारी शेजारी. "ह्ये असलं तर हाड वाचतंय," म्हणाले आणि पाकीट काढलं.

बुटांचीही हीच गत. सानूचे बूट मुलांच्या मापाचे आहेत, टाचेशी सैल म्हणून ती आत दुहेरी मोजे घालते. तिच्या संघाची कर्णधार काल गुडघ्याला पट्टा बांधून बाकावर बसली होती, एसीएल, म्हणजे गुडघ्यातला अस्थिबंध, फाटलंय, नऊ महिने गेले. गुडघ्याची ही दुखापत बायकांना पुरुषांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त होते. शरीराची ठेवण, व्यायामाची पद्धत, पुरुषांच्या पावलावर बेतलेले बूट, मैदानं, अशी कारणं डॉक्टर मांडतात. २०२३ च्या वर्ल्ड कपला इंग्लंडची लिआ विल्यमसन आणि बेथ मीड, नेदरलँड्सची मिडेमा, तिघी याच दुखापतीनं घरी होत्या. इतक्या मोठ्या खेळाडूंची ही कथा, तर आमच्या लीगमधल्या पोरीला फिजिओ कुठून येणार?

चहा पिताना सानूनं अण्णांना मेरी इअर्प्सची गोष्ट सांगितली. २०२३ चा वर्ल्ड कप, इंग्लंडची कीपर, अंतिम सामन्यात स्पेनच्या हेर्मोसोची पेनल्टी तिनं अडवली. इंग्लंड १-० नं हरलं, पण स्पर्धेतली सर्वोत्तम कीपर तीच ठरली. आणि तिची कीपरची जर्सी दुकानात विकायलाच नव्हती! इतर खेळाडूंच्या होत्या, कीपरची नाही. चाहत्यांनी दीड लाखाच्या वर सह्या जमवल्या, तेव्हा कुठं ती विकायला आली. अण्णांनी विचारलं, "आपल्या देशाच्या टीमला कीपर कोण?" "पंथोई चानू, मणिपूरची," सानू म्हणाली आणि मोबाईलवर तिचे बचाव दाखवत बसली. दोघांचा चहा गार झाला.

दुपारी बालेवाडी. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेलं श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल. अण्णा इथं आधी एकदाच आले होते, एफसी पुणे सिटीचा आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीगचा, सामना बघायला. त्या क्लबनं बायकांचा संघही काढला होता, २०१७ च्या पहिल्या इंडियन विमेन्स लीगमध्ये तो खेळला. २०१९ मध्ये क्लबच बंद झाला आणि पुरुषांच्या संघाबरोबर बायकांचा संघही गेला.

मैदान लांबूनच बघितलं. मोकळ्या पायऱ्या, उन्हात तापलेल्या. मी अण्णांना सांगत होते की २०२२ च्या जानेवारी-फेब्रुवारीत बायकांचा आशियाई कप महाराष्ट्रात झाला. नवी मुंबई, अंधेरी आणि इथं. इथंच दक्षिण कोरियाच्या जी सो-युननं ८७ व्या मिनिटाला बाहेरून मारून ऑस्ट्रेलियाला घरी पाठवलं. इथंच उपांत्य सामन्यात जपान २-१ नं पुढं असताना चीनच्या वांग शानशाननं ११९ व्या मिनिटाला बरोबरी केली, आणि टायब्रेकरवर, म्हणजे शेवटच्या पेनल्ट्यांवर, चीन ४-३ नं जिंकला. तोच चीन पुढं अंतिम सामन्यात मध्यंतराला ०-२ नं मागं होता आणि ३-२ नं कप घेऊन गेला.

"टायब्रेकरला गर्दी किती हुती?"

"नव्हतीच, अण्णा. कोरोना. प्रेक्षकांना प्रवेश नव्हता."

कोल्हापुरी माणसाला रिकाम्या स्टेडियममधला टायब्रेकर कल्पनेतसुद्धा सहन होत नाही. ते मान हलवत राहिले.

"आणि आपली टीम?"

हे सांगताना मला आजही घसा दाटतो. भारत यजमान होता. पहिला सामना इराणशी ०-०, मनीषा, दांगमेई ग्रेस सगळ्या जीव तोडून धावल्या. २३ जानेवारीला चायनीज तैपेईशी, म्हणजे तैवानशी, खेळायचं होतं आणि संघात कोरोना शिरला. मैदानात उतरायला तेरा खेळाडूही उरल्या नाहीत. सामना झाला नाही आणि नियमानं भारत स्पर्धेतूनच बाद. त्या स्पर्धेतून वर्ल्ड कपचं दार उघडत होतं. मी त्या दिवशी टीव्ही लावून बसले होते.

पण त्यानंतरची गोष्टही आहे. ५ जुलै २०२५ ला चियांग माईत आपल्या पोरींनी थायलंडला त्यांच्याच देशात २-१ नं हरवलं, दोन्ही गोल बंगालच्या संगीता बसफोरचे. पात्रता फेरी खेळून, जिंकून आशियाई कपला जाण्याची ही पहिलीच वेळ. मार्च २०२६ मध्ये ऑस्ट्रेलियात जपान, व्हिएतनाम आणि चायनीज तैपेईशी गाठ पडणार होती. आणि पुरुषांचा संघ? १४ ऑक्टोबर २०२५ ला मडगावात सिंगापूरशी १-२ हरून २०२७ च्या आशियाई कपच्या बाहेर. पुरुषांच्या आयएसएलचा हंगाम डिसेंबर २०२५ आला तरी सुरू झालेला नव्हता. मी यात आनंद मानत नाही, सुनील छेत्रीचा खेळ बघत माझी वीस वर्षं गेली. पण जी टीम तेव्हा जागतिक क्रमवारीत सत्तरीच्या आत होती तिची मॅच कुठल्या चॅनेलवर लागते ते शोधावं लागतं, आणि १३० च्या पलीकडची टीम हरली तर देशभर चर्चा होते. चर्चा व्हायलाच हवी. मी फक्त म्हणते, दोघांची होऊ दे.

अण्णांनी मग सरळ प्रश्न विचारला. "एवढं सगळं हाय, तर माणसं का येत न्हाईत?"

तिथल्या कठड्यावर बसून मी त्यांना इंग्लंडची हकिकत सांगितली. पहिल्या महायुद्धात पुरुष लढायला गेले आणि कारखान्यातल्या बायका खेळू लागल्या. प्रेस्टनच्या डिक, केर कारखान्याचा संघ इतका गाजला की २६ डिसेंबर १९२० ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांचा सामना बघायला ५३ हजार लोक आले. वर्षभरात, ५ डिसेंबर १९२१ ला, तिथल्या फुटबॉल संघटनेनं आपल्या मैदानांवर बायकांना खेळायला बंदी घातली. खेळ बायकांना शोभत नाही म्हणून. बंदी जवळजवळ पन्नास वर्षं राहिली. म्हणजे माणसं येत होती. त्यांच्यासमोरून मैदान काढून घेतलं. पन्नास वर्षांत बापानं मुलाला खांद्यावर घेऊन मॅचला न्यायची जी सवय लागते, ती एका बाजूला लागली आणि दुसऱ्या बाजूला लागूच दिली नाही. मार्च २०२२ मध्ये बार्सिलोनाच्या मैदानावर बार्सिलोना-रेयाल महिला सामन्याला ९१,५५३ लोक आले, म्हणजे सवय लागू शकते. बक्षिसाच्या रकमेत मात्र अजून दरी आहे: पुरुषांच्या २०२२ च्या वर्ल्ड कपला ४४ कोटी डॉलर, बायकांच्या २०२३ च्या वर्ल्ड कपला ११ कोटी.

आपल्याकडं बंदी कुणी घातली नव्हती. १९८० मध्ये कोझिकोडला आणि पुन्हा १९८३ मध्ये, भारताच्या बायका आशियात उपविजेत्या होत्या. अण्णा तेव्हा ऐन तिशीत, फुटबॉल म्हणजे जीव की प्राण, आणि त्यांना याचा पत्ता नव्हता. "खरं सांगतीस?" त्यांनी दोनदा विचारलं.

आणि कोल्हापूरचं तर वेगळंच आहे. आमचा फुटबॉल वाढला तालमीत. तालीम म्हणजे मूळची कुस्तीची लाल माती, तिथं बाई पाऊल ठेवत नाही. संघ तालमीचा, तालीम पेठेची, म्हणून मैदानात अकरा जण असले तरी मागं अख्खी पेठ असते. वर्गणी काढणारी, जखमी पोराला दवाखान्यात नेणारी, हरल्यावर तोंड न दाखवणारी. पोरींच्या मागं पेठ नाही. त्यांच्या मागं चादर धरणाऱ्या दोन आया आहेत. पुरुषांच्या आणि बायकांच्या फुटबॉलमधला मोठा फरक मला विचाराल तर मी हा सांगेन. किकच्या लांबीचा फरक त्याच्यापुढं किरकोळ आहे.

अण्णा उठले. "चल. उद्या लवकर उठायचंय."

चौथा दिवस, रविवार

आज किल्लीवाला वेळेवर आला होता. प्रेक्षक साठ-सत्तर, सुट्टीमुळं. समोर पिवळा संघ, गुणतक्त्यात वरचा. त्यांची सात नंबर पहिल्या स्पर्शातच कळली: बारीक चणीची, डाव्या पायाची, बॉल पायाला चिकटलेला. अण्णा पोस्टच्या मागं, गळ्यात मफलर. सानू नवे मोजे घालून दोन पावलं मागं उभी होती. मी मोजलं.

सत्ताविसाव्या मिनिटाला कॉर्नर. बॉल लांबच्या पोस्टकडं झुकत आला. सानू निघाली, मधेच अडखळली, पुन्हा निघाली आणि तिच्या बोटांच्या पुढून पिवळ्या जर्सीनं डोकं लावलं. ०-१.

बाजूच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. "वेल ट्राइड, वेल ट्राइड! काही हरकत नाही, बाळा!"

आणि माझ्या शेजारून, शाहू स्टेडियमच्या दोन्ही टोकांना ऐकू जाईल अशा आवाजात: "कुणी सांगितलं हुतं भाईर यायला? आणि आलीस तर थांबलीस कशाला? निघालीस की बॉल तुझा! पोस्ट सोडायचा तर पुरता सोड!"

सगळं मैदान वळून बघायला लागलं. पांढऱ्या बुटांचे गृहस्थ आजही आले होते, त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. ताई पुटपुटली, "अण्णा, अहो, तिला काय वाटेल!" सानू गुडघ्यावर होती. तिनं मान वळवून जाळीतून अण्णांकडं बघितलं. मला वाटलं रडेल. ती उठली, दोन्ही मोजे एकमेकांवर आपटले आणि स्टॉपरवर ओरडली, "माझ्या वाटेतून बाजूला हो!"

पुढचे दोन तास, म्हणजे घड्याळात तासभरच, अण्णांचं तोंड बंद झालं नाही. डावीकडं सरक. बॉल बघू नको, पोरगी बघ. आता हाण लांब. पंचानं ऑफसाइड दिला नाही तेव्हा त्यांनी पंचालाही सोडलं नाही. आणि एक गंमतीची गोष्ट झाली: आजूबाजूच्यांनीही तोंड उघडलं. एका खेळाडूचा भाऊ ओरडायला लागला, मग दोन आया. "मार की गं, वाट कुणाची बघतेस!" टाळ्या कमी झाल्या आणि मैदानाला मैदानाचा आवाज आला. साठाव्या मिनिटाला निळ्या संघानं बरोबरी केली तेव्हा ताई उड्या मारत होती आणि तिची पर्स कुठं पडली ते तिला माहीत नव्हतं.

शेवटच्या दहा मिनिटांत आणखी तीन कॉर्नर आले. पहिल्याला सानू पोस्टवरच राहिली, बरोबर राहिली. दुसऱ्याला निघाली, न थांबता, दोन पिवळ्या जर्सींच्या मधून, आणि दोन्ही मुठींनी बॉल मध्याकडं ठोसला. ठोशाचा आवाज मागं आमच्यापर्यंत आला. अण्णा काही बोलले नाहीत. फक्त वाकडी करंगळी दुसऱ्या हातात धरून दाबली.

सामना १-१.

सानू घामानं भिजलेली, गुडघा सोललेला, सरळ आमच्याकडं आली. "आजोबा, एवढ्या मोठ्यानं ओरडायचं?"

"चुकलीस म्हणून ओरडलो."

"शुक्रवारी का नाही ओरडलात?"

अण्णांकडं उत्तर नव्हतं. ते मफलर सोडून पुन्हा बांधत राहिले. मग म्हणाले, "तवा चुकलं माझं."

तिनं मोजे काढले, घाम पुसला. "बरं, मग सांगा. कधी निघायचं आणि कधी थांबायचं?"

पार्किंगमध्ये अण्णांनी पाण्याच्या चार बाटल्या मांडल्या. दोन पोस्ट झाल्या, एक स्टॉपर, एक पिवळी. माझी चप्पल बॉल. अर्धा तास मी अनवाणी उभी होते. सहा गजांची रेघ, बॉल हवेत किती वेळ असतो, पहिलं पाऊल कुठल्या पायाचं, आणि ओरडून सांगितल्याशिवाय निघायचंच नाही. बाकीच्या पोरीही गोळा झाल्या. सहा नंबर खाली बसून मोबाईलमध्ये लिहून घेत होती. पिवळ्या संघाची कीपर, पाच फूटही नसेल, लांब उभी राहून ऐकत होती; अण्णांनी तिलाही हात करून बोलावलं.

दुपारी साडेतीनची कोल्हापूर गाडी. ताईनं डब्यात पुरणपोळ्या दिल्या. सानू स्वारगेटपर्यंत आली, खिडकीखाली उभं राहून म्हणाली, "दोन आठवड्यांनी पुन्हा यांच्याशीच आहे, परतीचा सामना." अण्णांनी तारीख विचारून घेतली आणि मला लिहायला लावली.

कात्रजचा बोगदा गेला, खंबाटकी उतरलो. अण्णांचा डोळा लागला होता. साताऱ्याच्या अलीकडं अंधार पडला तशी त्यांना जाग आली. खिडकीची काच वर करून ते म्हणाले, "ती पिवळ्यातली सात नंबर."

"तिचं काय?"

"डाव्या पायाची हाय. सानूच्या बॅकनं तिला आत वळू दिलं दरवेळी. भाईरनंच न्यायला पायजे तिला, रेघेकडनं. ताईला फोन लाव."

"अण्णा, आत्ता?"

"आत्ता लाव. मग इसरतंय."